पुन्हा वापरात आलेले सॉकेट आणि मेमरी ऑर्डरिंग : लॉकशिवाय शोध लिहिताना पायऱ्यांचा क्रम

लिनक्स कर्नलमध्ये आलेल्या प्रत्येक टीसीपी पॅकेटसाठी त्याचे सॉकेट (त्या जोडणीची कर्नलमधील नोंद) हॅश टेबलमधून शोधावे लागते, आणि प्रस्थापित जोडण्यांच्या बाबतीत हा शोध कोणतेही लॉक न घेता होतो. शोध चालू असतानाच दुसऱ्या सीपीयूवर तेच सॉकेट बंद होऊ शकते, त्याची मेमरी सुटू शकते आणि त्याच पत्त्यावर वेगळ्याच जोडणीचे नवे सॉकेट उभे राहू शकते. हे सगळे नियमात बसते, आणि कोडने हे घडेल असे धरूनच चालायचे असते. तरीही असा शोध नव्याने लिहिताना तीन चुका पुन्हा पुन्हा होतात : सॉकेटची ओळख एकदाच तपासली जाते, दुसऱ्यांदा तपासली तरी ती तपासणी रेफकाउंट (ऑब्जेक्टचे किती संदर्भ धरलेले आहेत याची मोजणी) वाढवण्याच्या नंतरच घडेल याची तजवीज केलेली नसते, आणि साखळीचा (टेबलच्या एका बकेटमधील, म्हणजे कप्प्यातील, सॉकेटांच्या यादीचा) शेवट आला म्हणजे शोध संपला असे गृहीत धरले जाते. पुढील टप्पे या चुका टाळण्यासाठी आहेत. टीसीपीसारखी स्वतःची टेबल लिहिणाऱ्यांनाही ते जसेच्या तसे लागू पडतात.

## तयारी : स्लॅब नेमके काय कबूल करतो

टीसीपी सॉकेटांचा स्लॅब (एकाच प्रकारच्या ऑब्जेक्टांसाठी राखलेला मेमरीचा साठा) ‘स्लॅब टाइपसेफ बाय आरसीयू’ या फ्लॅगने तयार होतो. २०१७ पूर्वीच्या कोडमध्ये याच फ्लॅगचे नाव ‘स्लॅब डिस्ट्रॉय बाय आरसीयू’ असे दिसेल. नावात आरसीयू (वाचकांना लॉकशिवाय वाचू देणारी कर्नलची पद्धत) असल्यामुळे अनेकांचा असा समज होतो की सोडलेले ऑब्जेक्ट ग्रेस पीरियड, म्हणजे आधीपासून वाचत असलेले सगळे वाचक आटोपण्याचा काळ, संपेपर्यंत तसेच पडून राहते. प्रत्यक्षात ऑब्जेक्ट सोडल्याच्या पुढच्याच क्षणी ते दुसऱ्या कोणाला मिळू शकते. ग्रेस पीरियडपर्यंत थांबते ती फक्त त्या स्लॅबची पाने पेज अॅलोकेटरकडे परत जाण्याची क्रिया.

म्हणून आरसीयू वाचन-विभागात असताना आपल्याला एवढीच हमी असते की त्या पत्त्यावरची मेमरी वाचता येईल आणि तिथे त्याच प्रकारची रचना असेल. आपण शोधत होतो तेच सॉकेट तिथे आहे, ते जिवंत आहे किंवा ते त्याच साखळीत आहे, यांपैकी कशाचीही हमी नसते. पत्ता तोच असतो, राहणारा बदललेला असू शकतो.

ही जोखीम आपल्याला खरोखर घ्यायची आहे का, हे आधी ठरवावे. दुसरा मार्ग म्हणजे सॉकेटवर ‘सॉक आरसीयू फ्री’ हा फ्लॅग लावणे. मग सॉकेट नष्ट करण्याचे काम ‘कॉल आरसीयू’मार्फत ग्रेस पीरियडनंतर होते, वाचकाच्या हातातील ऑब्जेक्ट मधेच बदलत नाही आणि पुष्कळदा रेफकाउंटला हातही लावावा लागत नाही. २०१६ मध्ये यूडीपी सॉकेट आणि टीसीपीचे लिसनर (नव्या जोडण्यांची वाट पाहणारी सॉकेट) याच मार्गावर नेले गेले, कारण ती सॉकेट तुलनेने दीर्घकाळ टिकतात. प्रस्थापित टीसीपी जोडण्या मात्र झपाट्याने येतात-जातात. प्रत्येक जोडणीची मेमरी ग्रेस पीरियडपर्यंत अडकवून ठेवली तर सुटू न शकलेल्या ऑब्जेक्टांचा ढीग साचतो आणि सीपीयूच्या कॅशमध्ये ताज्या असलेल्या मेमरीचा लगेच पुनर्वापर करण्याचा फायदाही जातो. माझे मत विचाराल तर, ऑब्जेक्ट दर सेकंदाला हजारोंच्या संख्येने जन्मत-मरत नसतील तर टाइपसेफ फ्लॅगच्या वाटेला जाऊ नये. ‘कॉल आरसीयू’ने भागवावे आणि हा लेख इथेच बाजूला ठेवावा.

## टप्पा १ : ओळख ठरवणारी फील्ड लिहून काढणे

कोड लिहिण्याआधी, दोन सॉकेट वेगळी आहेत हे ज्या फील्डांवरून ठरते त्यांची यादी करावी. टीसीपीत ती अशी आहे : दोन्ही बाजूंचे आयपी पत्ते, दोन्ही बाजूंचे पोर्ट, नेटवर्क नेमस्पेस (एकाच यंत्रावरील वेगळे राखलेले नेटवर्क) आणि सॉकेट एखाद्या इंटरफेसला बांधलेले असल्यास तो इंटरफेस. ‘एसके हॅश’ हे फील्ड या यादीत धरू नये. ते जुळत नसेल तर पुढे जायला ते उपयोगी आहे, पण दोन वेगळ्या जोडण्यांचा हॅश एकच येऊ शकतो.

यादीतील एकही फील्ड दुसऱ्या तपासणीतून गळता कामा नये. नेमस्पेस किंवा इंटरफेस विसरला जाणे ही इथली नेहमीची चूक आहे. एकाच नेमस्पेसमध्ये चाचणी करणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. पहिली आणि दुसरी तपासणी एकाच फलनाने करावी, म्हणजे हा प्रश्न उरत नाही. कर्नलमध्ये ‘आयनेट मॅच’ दोन्ही ठिकाणी वापरले जाते.

## टप्पा २ : वाटप आणि साफसफाई

टाइपसेफ स्लॅबमधून आलेले ऑब्जेक्ट कोरे आहे असे कधीही मानू नये. त्या क्षणी दुसरा एखादा सीपीयू त्याच ऑब्जेक्टवर उभा असू शकतो. आधीच्या जन्मात ते ज्या साखळीत होते, त्या साखळीवरून चालत तो तिथे आलेला असतो आणि पुढे जाण्यासाठी त्याला ‘नेक्स्ट’ पॉइंटर वाचायचा असतो.

‘केमेम कॅश झेडअॅलॉक’ने सगळे ऑब्जेक्ट शून्य केले तर काय होते ते पाहा. टीसीपीच्या साखळ्यांचा शेवट नल पॉइंटरने होत नाही. तिथे सर्वांत खालचा बिट १ असलेली एक खूण असते, तिलाच नल्स म्हणतात. वाचक तो बिट पाहून शेवट ओळखतो. शून्याचा खालचा बिट ० असतो, त्यामुळे वाचकाला तो शेवट वाटत नाही. तो त्याला खरा नोड समजतो, शून्य पत्त्यावर वाचायला जातो आणि कर्नल कोसळतो.

म्हणून ‘एसके प्रॉट अॅलॉक’ हे फलन शून्य भरण्याची विनंती स्लॅबपर्यंत जाऊच देत नाही. ते आधी ऑब्जेक्ट मागते आणि मग ‘नेक्स्ट’च्या अलीकडचा भाग व पलीकडचा भाग असे दोन तुकडे वेगवेगळे शून्य करते. ‘नेक्स्ट’ जसा होता तसाच राहतो. लिसनरपासून नवे सॉकेट क्लोन करतानाही साखळीचा नोड आणि रेफकाउंट यांचा भाग नकलेतून वगळलेला असतो, तो याच कारणाने.

सावधान : रचनेत स्पिनलॉक असेल आणि वाचक रेफकाउंट न वाढवता थेट ते लॉक घेत असेल, तर लॉकची सुरुवात प्रत्येक वाटपाच्या वेळी करू नये. ती स्लॅबच्या कन्स्ट्रक्टरमध्ये एकदाच करावी, नाहीतर दुसऱ्याने धरलेले लॉक आपण पुसून टाकू. सॉकेटच्या बाबतीत वाचक आधी रेफकाउंट मिळवतो आणि मगच लॉक घेतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

## टप्पा ३ : आधी ओळख, मग रेफकाउंट, शेवटी साखळी

लिहिणाऱ्या बाजूचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१. जुनी ओळख पुसावी किंवा तिच्यावर नवी लिहावी आणि बाकीची सर्व फील्ड भरावीत. तोपर्यंत रेफकाउंट शून्यच राहील.

२. त्यानंतर लेखनाचा बॅरियर (आधीची लेखने नंतरच्या लेखनांच्या आधीच दिसतील याची तजवीज), म्हणजे ‘एसएमपी डब्ल्यूएमबी’, ठेवून रेफकाउंट शून्येतर करावा. ६.१५ या २०२५ मधील आवृत्तीपासून यासाठी ‘रेफकाउंट सेट रिलीज’ हे फलन उपलब्ध आहे. नव्या कोडमध्ये तेच वापरावे, कारण बॅरियर आणि लेखन एकत्र राहतात आणि नंतर कोणी त्यांच्या मधे एखादी ओळ घुसडू शकत नाही.

३. बकेटचे लॉक घेऊन साखळीच्या डोक्याशी ऑब्जेक्ट जोडावे.

‘साखळीत जोडताना आरसीयूचे फलन रिलीज करतेच, म्हणजे आधीची लेखने आधी दिसतील असे लिहितेच, मग वेगळा बॅरियर कशाला?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. साखळीत जोडण्याच्या रिलीजमुळे सुरक्षित होतो तो वाचक, जो नव्या जोडणीवरून ऑब्जेक्टपर्यंत पोहोचतो. आपल्याला धोका आहे तो जुन्या जन्मापासून त्या ऑब्जेक्टवर खिळून असलेल्या वाचकाचा. तो नव्या साखळीतून आलेलाच नाही. त्याच्या आणि आपल्या मधे सामायिक असलेली एकमेव गोष्ट म्हणजे रेफकाउंट. त्याला रेफकाउंट १ दिसला आणि ओळख मात्र जुनीच दिसली, तर त्याच्या दोन्ही तपासण्या पास होतील आणि तो चुकीचे सॉकेट बरोबर समजून घेऊन जाईल.

इथे एक बारकावा आहे. प्रोग्रामने स्वतः उघडलेल्या टीसीपी सॉकेटचा रेफकाउंट ‘सॉक इनिट डेटा’मध्ये, म्हणजे समोरचा पत्ता ठरण्याच्या खूप आधी, १ होतो. मग ‘आधी ओळख’ हा नियम तिथे मोडतो का? नाही मोडत. वाटपाच्या वेळी जुने पत्ते आणि पोर्ट शून्य झालेले असतात आणि बॅरियरमुळे ती पुसापुशी रेफकाउंटच्या आधी दिसते. त्यामुळे जुन्या वाचकाला जुनी ओळख दिसण्याची शक्यता उरत नाही. म्हणजे अट अशी आहे : रेफकाउंट शून्येतर दिसण्याआधी जुनी ओळख नाहीशी झालेली असली पाहिजे, नवी ओळख त्यानंतर आली तरी चालेल, फक्त साखळीत जोडण्याआधी आली पाहिजे.

टाइम-वेट सॉकेट (बंद झालेल्या जोडणीची काही काळ ठेवलेली छोटी नोंद) ही शिस्त वेगळ्या प्रकारे पाळते. ते तयार करताना रेफकाउंट मुद्दाम ० ठेवला जातो आणि टेबलांत जोडून झाल्यावर तो एकदम ३ केला जातो : दोन हॅश टेबलांसाठी दोन आणि टायमरसाठी एक. रेफकाउंट ३ झाल्यानंतर तयार करणाऱ्याच्या हातात स्वतःचा असा एकही संदर्भ उरत नाही, म्हणून त्यापुढे त्याने त्या ऑब्जेक्टला हात लावायचा नसतो.

तपासा : रेफकाउंट शून्येतर करणाऱ्या ओळीच्या वर असलेल्या बॅरियरला ‘माझा जोडीदार अमुक फलनात आहे’ असे सांगणारी टीप आहे का? बॅरियर एकट्याने काहीच करत नाही. जोडीदाराचे नाव लिहिता येत नसेल, तर बहुधा तो जोडीदार अस्तित्वातच नाही.

## टप्पा ४ : शोध — रेफकाउंट, मग ओळख, मग वापर

वाचणाऱ्या बाजूचा क्रम लिहिणाऱ्याच्या बरोबर उलटा असतो. तिथे ओळख आधी आणि रेफकाउंट नंतर लिहिला जातो. इथे रेफकाउंट आधी मिळवायचा आणि ओळख नंतर वाचायची.

१. आरसीयू वाचन-विभागात शिरून बकेटच्या साखळीवरून चालावे.

२. हॅश आणि ओळख जुळते का ते पाहावे. ही पहिली तपासणी निव्वळ वेळ वाचवण्यासाठी असते; तिच्या निकालावर काहीही ठरवू नये.

३. ‘रेफकाउंट इन्क नॉट झिरो’ने रेफकाउंट वाढवावा. तो शून्य असेल तर हे सॉकेट मरत आहे, ते सोडून द्यावे. इथे ‘सॉक होल्ड’ वापरू नये, कारण ते शून्यावरूनही वाढवायला जाते आणि कर्नल ‘अॅडिशन ऑन झिरो’चा इशारा छापतो.

४. ओळख पुन्हा, संपूर्ण तपासावी. जुळली नाही तर संदर्भ परत करून शोध पहिल्यापासून सुरू करावा.

तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मधे काय घडू शकते ते जवळून पाहू. सीपीयू ० हा समोरच्या पोर्ट ४०००१ ची जोडणी शोधत आहे. त्याला साखळीत एक सॉकेट सापडते, पोर्ट ४०००१ दिसतो, पहिली तपासणी पास होते. नेमक्या त्याच वेळी सीपीयू १ वर ती जोडणी बंद होते : सॉकेट साखळीतून निघते, रेफकाउंट ० होतो, ऑब्जेक्ट स्लॅबमध्ये परत जाते. सीपीयू १ वर लगेचच पोर्ट ४०००२ वरून नवी जोडणी येते आणि अॅलोकेटर नुकतेच सुटलेले तेच ऑब्जेक्ट तिला देतो. नवी ओळख लिहिली जाते, रेफकाउंट शून्येतर होतो. आता सीपीयू ० रेफकाउंट वाढवतो, आणि ते यशस्वी होते, कारण रेफकाउंट शून्य नाही. पहिली तपासणी खरी होती, रेफकाउंटची वाढही खरी आहे, तरी हातात आलेले सॉकेट चुकीचे आहे. इथे दुसरी तपासणी नसेल तर एका जोडणीचे पॅकेट दुसऱ्या जोडणीच्या सॉकेटकडे जाते.

पण दुसरी तपासणी लिहिली म्हणजे काम झाले असे नाही. ‘रेफकाउंट इन्क नॉट झिरो’ मेमरी ऑर्डरिंगची हमी देत नाही. ते देते ते एक कंट्रोल डिपेंडन्सी (पुढचे काम अटीच्या निकालावर अवलंबून असणे), आणि कंट्रोल डिपेंडन्सी पुढची लेखने रोखून धरते, वाचने नाही. आर्मसारख्या सैल क्रमाच्या प्रोसेसरवर दुसऱ्या तपासणीतील पोर्टचे वाचन रेफकाउंट वाढण्याच्या आधीच उरकले जाऊ शकते, आणि मग तिलाही जुना ४०००१ दिसतो. कंपायलरलाही, मधे काही अडसर नसल्यास, पहिल्या तपासणीतील रजिस्टरमधली किंमत पुन्हा वापरण्याची मुभा असते. कागदावर दोन तपासण्या दिसतात आणि यंत्रावर एकच होते.

उपाय दोन आहेत. ६.१५ पासून ‘रेफकाउंट इन्क नॉट झिरो अॅक्वायर’ हे फलन नेमके याच कामासाठी आहे; अॅक्वायर म्हणजे पुढची वाचने-लेखने त्याच्या आधी घडू न देणे. जुन्या कर्नलमध्ये रेफकाउंट यशस्वीरीत्या वाढल्यानंतर लगेच ‘एसएमपी अॅक्वायर आफ्टर कंट्रोल डेप’ हा बॅरियर ठेवावा. तो पहिली तपासणी आणि रेफकाउंट यांच्या मधे ठेवलेलाही मी पाहिला आहे; त्या जागी तो निरुपयोगी आहे.

ही भीती पुस्तकी नाही. नेटफिल्टरच्या (कर्नलमधील पॅकेट गाळणाऱ्या भागाच्या) कनेक्शन ट्रॅकिंगमध्ये, म्हणजे जोडण्यांची नोंद ठेवणाऱ्या कोडमध्ये, जिथे हाच टाइपसेफ फ्लॅग वापरला जातो, संदर्भ मोजणारा साधा अॅटॉमिक काढून रेफकाउंट प्रकार आणला गेला. जुन्या ‘अॅटॉमिक इन्क नॉट झिरो’मध्ये यशस्वी झाल्यावर पूर्ण बॅरियर आपोआप मिळत होता, नव्यात तो राहिला नाही. आर्म यंत्रांवर कर्नल कोसळू लागला. जागा भरल्यावर जुन्या नोंदी काढून टाकणारा कोड नोंदीचा संदर्भ घेत होता आणि मग ती ‘पक्की झालेली’ आहे का हा बिट पाहत होता. बिटाचे वाचन आधी घडल्याने त्याला मागच्या जन्मातील बिट दिसत होता आणि अजून टेबलात न आलेली नोंद तो टेबलातून काढायला जात होता. २०२२ मध्ये ही दुरुस्ती झाली ती नेमका वरचा बॅरियर टाकून. म्हणून अॅटॉमिकचे रेफकाउंटमध्ये रूपांतर करणारा पॅच ‘निव्वळ नावबदल’ म्हणून कधीही मंजूर करू नये.

सावधान : संदर्भ परत करताना ‘सॉक पुट’ वापरू नये, ‘सॉक जेन पुट’ वापरावे. प्रस्थापित जोडण्यांच्या टेबलात पूर्ण सॉकेट, टाइम-वेट सॉकेट आणि अर्धवट जोडणीची विनंती अशा तीन प्रकारच्या रचना एकत्र असतात. तिन्हींची सुरुवात सारखी असली तरी स्लॅब वेगळे असतात. आपण परत करत असलेला संदर्भ शेवटचा ठरला, तर ऑब्जेक्ट कोणत्या स्लॅबमध्ये सोडायचे हे अवस्था पाहूनच ठरवावे लागते, आणि ‘सॉक पुट’ ते पाहत नाही.

## टप्पा ५ : साखळी संपली, पण ती आपलीच होती का

वाचक एखाद्या ऑब्जेक्टवर उभा असताना ते सुटून दुसऱ्या बकेटमध्ये जोडले गेले, तर त्याचा ‘नेक्स्ट’ आता दुसऱ्या साखळीत नेतो. वाचक काहीही न कळता ती परकी साखळी शेवटपर्यंत चालतो आणि ‘सापडले नाही’ असे जाहीर करतो, जरी हवे असलेले सॉकेट मूळ साखळीत शाबूत असले तरी.

नल्स खुणेचा उपयोग इथे होतो. खालचा बिट सोडून बाकीच्या बिटांत बकेटचा क्रमांक साठवलेला असतो. शेवटाला पोहोचल्यावर तो क्रमांक आपण सुरुवात केलेल्या बकेटशी जुळवून पाहावा. जुळला नाही तर पहिल्यापासून सुरू करावे. ही एक तुलना गाळली तर अशी चूक राहते जी दिवसातून एखाद्या वेळी जोडणी तोडते आणि मागे काहीच पुरावा ठेवत नाही.

ऑब्जेक्ट सुटून पुन्हा त्याच बकेटमध्ये आले तर क्रमांक जुळेल, म्हणून नवे ऑब्जेक्ट नेहमी डोक्याशी जोडावे. मग वाचक त्याच्याबरोबर साखळीच्या सुरुवातीला फेकला जातो आणि काही नोड दुसऱ्यांदा पाहतो, एवढेच. शेपटीशी जोडले तर तो मधले सगळे नोड ओलांडून थेट शेवटाला पोहोचतो आणि क्रमांक जुळल्यामुळे निश्चिंतही होतो.

वेगवेगळ्या टेबलांच्या नल्स क्रमांकांचे पल्ले एकमेकांवर येता कामा नयेत. डिसेंबर २०१९ मध्ये दुरुस्त झालेली एक चूक याची साक्ष आहे. प्रस्थापित सॉकेट तोडून त्याच सॉकेटवर लिसन करता येते, आणि या बदलात मधे कोणताही ग्रेस पीरियड जात नाही. त्याच्या तीन वर्षे आधी लिसनरांचे टेबल नल्स सोडून साध्या, नल पॉइंटरने संपणाऱ्या यादीवर नेले होते. प्रस्थापित टेबलात शोधणारा वाचक अशा सॉकेटवरून लिसनरांच्या यादीत घसरला की त्याला शेवटी नल मिळे, तो त्याला नोड समजे आणि यंत्र कोसळे. दुरुस्तीत लिसनरांनाही पुन्हा नल्स यादी मिळाली आणि त्यांचे क्रमांक १ डावीकडे २९ बिट सरकवून मिळणाऱ्या आधाराच्या पुढे ठेवले गेले.

नल्स जी एक गोष्ट पकडत नाही ती म्हणजे अदलाबदल. जुन्या सॉकेटच्या जागी टाइम-वेट सॉकेट आणताना नवे डोक्याशी जोडून मग जुने काढले, तर डोके ओलांडून गेलेला पण जुन्यापर्यंत न पोहोचलेला वाचक दोन्ही चुकवतो, आणि क्रमांक जुळत असल्याने पुन्हा शोधतही नाही. क्रम उलटा केला तर गोष्ट आणखी बिघडते. अशा ठिकाणी जुन्या नोडच्या जागेवरच नवा नोड बसवावा, म्हणजे वाचकाला दोहोंपैकी एक नक्की दिसतो.

## टप्पा ६ : संदर्भ मिळाल्यानंतर

रेफकाउंट आणि ओळख यांनी सॉकेट कोणते हे ठरते. ते कोणत्या अवस्थेत आहे हे नाही. सॉकेटचे लॉक घेतल्यावर अवस्था पुन्हा पाहावी, कारण शोध आणि लॉक यांच्या मधल्या काळात ते बंद झालेले असू शकते. लॉकशिवाय पाहिलेल्या अवस्थेवर फक्त ‘पुढे कोणत्या फलनात जायचे’ एवढेच ठरवावे.

## टप्पा ७ : काढणे आणि सोडणे

१. बकेटचे लॉक घेऊन ऑब्जेक्ट साखळीतून काढावे. काढताना ‘नेक्स्ट’ला हात लावू नये, त्यावर उभ्या असलेल्या वाचकाला पुढे जाण्याची वाट तीच आहे. यादीचे साधे, आरसीयू नसलेले फलन इथे वापरले की तो पॉइंटर विषारी किमतीने (मुद्दाम ठेवलेल्या अवैध पत्त्याने) भरला जातो.

२. टेबलाच्या वतीने धरलेला संदर्भ सोडावा. ‘रेफकाउंट डेक अँड टेस्ट’ हे कमी करण्याआधीच्या वाचन-लेखनांना रिलीजने आणि शून्यावर पोहोचल्यास पुढच्या सोडण्याला अॅक्वायरने बांधते, त्यामुळे इथे वेगळा बॅरियर लागत नाही. तो उगाच टाकलेला दिसला तर लेखकाला कोणता क्रम हवा होता हे विचारावे.

३. रेफकाउंट शून्य झाल्यावर सॉकेटला लटकलेल्या रांगा आणि बफर मोकळे करावेत. ओळखीची फील्ड मात्र इथे पुसण्याची गरज नाही. शून्य रेफकाउंटच वाचकाला परत पाठवतो.

सावधान : टाइपसेफ फ्लॅग फक्त त्या ऑब्जेक्टपुरता आहे. त्यातील पॉइंटर ज्या दुसऱ्या रचनेकडे नेतो तिला हे संरक्षण नाही. संदर्भ मिळण्याआधी असा पॉइंटर उलगडायचा असेल, तर ती रचना स्वतंत्रपणे आरसीयूने सोडली जाते याची खात्री करावी.

## टप्पा ८ : चाचणी

एक्स८६ वर महिनाभर चाललेला कोड बरोबर आहे असे मानू नये. तिथे एका वाचनापुढे दुसरे वाचन किंवा एका लेखनापुढे दुसरे लेखन उडी मारत नाही, आणि ‘एसएमपी डब्ल्यूएमबी’ तिथे केवळ कंपायलरला अडवतो. म्हणजे टप्पा ३ आणि ४ मधील बॅरियर विसरलात तरी ते यंत्र फारसे काही सांगणार नाही. चाचणीत अनेक गाभ्यांचे आर्म यंत्र असावे आणि हॅश टेबल मुद्दाम लहान ठेवावे, म्हणजे साखळ्या लांब होतात आणि तीच ऑब्जेक्ट सतत फिरत राहतात.

केसॅनकडून, म्हणजे मेमरीचा चुकीचा वापर पकडणाऱ्या कर्नलच्या साधनाकडून, फार अपेक्षा ठेवू नये. टाइपसेफ स्लॅबमधील सोडलेले ऑब्जेक्ट वाचणे ग्रेस पीरियडपर्यंत वैधच असल्यामुळे ते एरवी त्याकडे काणाडोळा करते. ६.१२ पासून ‘कॉन्फिग स्लब आरसीयू डीबग’ हा पर्याय आहे. तो चालू केला की प्रत्येक ऑब्जेक्ट खरोखरच ग्रेस पीरियडनंतर सोडले जाते आणि त्यानंतरचा वापर केसॅन पकडते. पण त्याच कारणाने हा पर्याय चालू असताना ग्रेस पीरियडच्या आतला पुनर्वापर घडतच नाही, म्हणजे टप्पा ४ मधील चूक पूर्ण झाकली जाते. म्हणून चाचणी दोनदा करावी : एकदा हा पर्याय चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून.

क्रमाबद्दल खरे उत्तर मिळते ते कर्नलच्या मेमरी मॉडेलकडून, म्हणजे वाचन-लेखनांचे कोणते क्रम शक्य आहेत हे सांगणाऱ्या औपचारिक नियमांकडून. कर्नलच्या ‘टूल्स’ निर्देशिकेतील मेमरी मॉडेल घेऊन ‘हर्ड ७’ या साधनावर आठ-दहा ओळींची चाचणी लिहावी. सुरुवातीला ओळख ० आणि रेफकाउंट ०. पहिली प्रक्रिया ओळख १ करते आणि मग रिलीजने रेफकाउंट १ करते. दुसरी प्रक्रिया रेफकाउंट १ असल्यास तुलना-अदलाबदलीने २ करते आणि मग ओळख वाचते. विचारायचे ते असे : अदलाबदल यशस्वी झाली आणि तरीही ओळख ० वाचली गेली, असे कधी घडेल का? दुसऱ्या प्रक्रियेत सैल अदलाबदल ठेवली तर साधन ‘समटाइम्स’ छापते. अॅक्वायर ठेवली तर ‘नेव्हर’. पॅच पाठवताना ही चाचणी आणि तिचे दोन्ही निकाल वर्णनात जोडावेत, म्हणजे बॅरियर का आहे हे तपासणाऱ्याला विचारावे लागणार नाही आणि पुढे कोणी तो ‘अनावश्यक’ म्हणून काढणारही नाही.